नो-लोडवरची नाडी

१ ऑक्टोबर २००२, मंगळवार. सकाळी ६.१०

नाडी बहात्तर. उत्तम.

आजपासून व्यायाम. म्हणजे आज नोंदीला सुरुवात, प्रत्यक्ष व्यायाम उद्यापासून. मशीन फिरवण्याआधी थांबलेल्या मशीनचं रीडिंग घ्यायचं असतं. पोफळीला पॉवरहाऊसच्या कंट्रोल रूममध्ये ज्याने नोकरी काढली त्याला हे कुणी शिकवायला नको.

प्रसंग एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी तिखटमीठ लावायला नको. आमचं घर वर, बाजार खाली, मधे जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. गेल्या आठवड्यात भाजी घेऊन वर येताना मी पाखाडीवर मधेच बसलो. दम लागला म्हणून. एवढंच. शेजारच्या जैनुद्दीनभाईंनी पाहिलं, हाताला धरून घरी आणलं, आणि माझ्याच फोनवरून ठाण्याला माझ्या मुलाला, सलिलला, कळवलं की आप्पा पडले. मी पडलो नव्हतो. बसलो होतो. माणूस बसतो.

सलिल रातोरात गाडीत बसला. आईच्या वेळी त्याला पोचायला उशीर झाला, तेव्हापासून रत्नागिरीचा फोन म्हटलं की त्याला धडकीच भरते. आल्या आल्या मला हार्टच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वैदेही. वय सलिलएवढं. कार्डिओग्राम स्वच्छ. छातीत दुखतं का, नाही. हात भरून येतो का, नाही. मग म्हणाल्या, घाई नाही, पण दम का लागतो ते ट्रेडमिल टेस्टशिवाय कळणार नाही. १२ डिसेंबरला या. तोवर रोज पाखाडी चढा-उतरा, चढण्याआधी आणि चढल्यावर नाडी मोजा, लिहून आणा.

काल जाण्याआधी सलिल स्वयंपाकघरात कप विसळत होता. पाठमोरा. तसाच म्हणाला, "टेस्ट चांगली आली तर राहा इथे एकटे, मी तोंड उघडणार नाही. नाही आली तर डिसेंबरात माझ्याबरोबर ठाण्याला यायचं. घर भाड्याने देऊ."

मी म्हटलं, मंजूर. ठाण्याला माणसं खिडकीला जाळी लावून राहतात. खाली उतरलं की समोर दुसऱ्याची गाडी. मी जाणार नाही. सलिलच्या आईला, पद्मजाला, जाऊन चार महिने झाले, एकट्याचं माझं काहीही अडलेलं नाही. हे लिहून ठेवतो.

२ ऑक्टोबर, बुधवार

गांधी जयंती. सार्वजनिक सुट्टी. सुट्टीच्या दिवशी नवीन काही सुरू करू नये.

३ ऑक्टोबर, गुरुवार

पायऱ्यांवर शेवाळ. घसरलो तर हृदय राहील जाग्यावर आणि पाय मोडेल. वाळेपर्यंत थांबणं हेच शहाणपणाचं. नाडी बहात्तर.

५ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी ८

झाला. व्यायाम झाला.

जैनुद्दीनभाई सहा वाजताच फाटकाशी हजर. बोटीवर इंजिनरूममध्ये काम केलेला माणूस, आखातात उन्हं काढलेला, त्यांना शेवाळ-बिवाळ काही दिसत नाही. खाली उतरलो. काही त्रास नाही. वर येताना मधे तीनदा बुटाची लेस बांधली. नवीन बुटांचं असंच असतं. जैनुद्दीनभाई तिन्ही वेळा समुद्राकडे बघत उभे राहिले. समजूतदार माणूस.

वर आल्यावर नाडी मोजायला घेतली. ठोके इतके भराभर आले की मधले काही सुटले. घड्याळाचा सेकंदकाटा मंद चालतोय, अशी शंका. सेल बदलून घ्यायला हवा. तोपर्यंत चढल्यानंतरची नोंद करता येणार नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

काल रात्री झोप नव्हती, तेव्हा विचार केला आणि कोडं सुटलं.

टर्बाईन रिकामी असताना काय रीडिंग येतं आणि किती लोड टाकलं तर काय येईल, हे अनुभवी माणूस खुर्चीत बसून सांगतो. माझं रिकामं रीडिंग बहात्तर. पाखाडीचं लोड मला पायरीपायरीने ठाऊक. म्हणजे चढल्यावर शहाऐंशी. फार तर अठ्ठ्याऐंशी. रोज धापा टाकत जाऊन तेच सिद्ध करण्यात काय हशील? डॉक्टरांना आकडा हवा आहे, आकडा मिळेल.

पूर्ण आठवड्याचे रकाने भरून टाकले. बहात्तर, शहाऐंशी. अक्षर सुरेख आलंय. पोफळीला हे चाललं नसतं. तिथे दर तासाला काट्यासमोर उभं राहून आकडा घ्यायचा, आणि मी तो घेत असे, कुणीही विचारावं. पण तिथे शिफ्टला साहेब असायचा. इथे साहेब नाही. बाईसाहेबही नाहीत.

१० ऑक्टोबर, गुरुवार

बूट घालून पडवीत झोपाळ्यावर बसलो होतो. वॉर्म-अप. मैना केर काढत होती. पद्मजा गेल्यापासून ही स्वयंपाकालाही येते. केरसुणी थांबवून माझ्या बुटांकडे बघून म्हणाली, "आप्पानू, बूट घालून झोपाल्यावर बसलं म्हंजे चालनं झालं काय?"

तिला शरीरशास्त्र समजावून सांगितलं. स्नायू आधी तापावे लागतात. ती म्हणाली, मग चुलीजवल बसा.

आमटीत मीठ जास्त. जेवलो. काही वाटलं नाही. हल्ली खारट-अळणी लक्षात येतं, पण त्यावर बोलावं असं काही वाटत नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार. दसरा

यंदा आमच्याकडे काही नाही. तरी लोक आले. ओटीवर बसतात, गप्प होतात आणि माझ्या तोंडाकडे बघतात. आता रडेल, मग रडेल. मी चहा विचारतो.

सगळे बसलेले असताना गुपचूप मनगट धरून बघितलं. बहात्तर. ज्याला ताण झेपतो त्याची नाडी चढत नाही. खेळाडूंचं असं असतं. माझं न खेळता आहे. पद्मजा गेली त्या सकाळीही बहात्तरच असणार. मोजली नव्हती. तेव्हा तिची धरून बसलो होतो.

पान उलटल्यावर बाकी काही लिहायचं आठवलं नाही.

२० ऑक्टोबर, रविवार. रात्री ८.३०

सलिलचा फोन. दर रविवारी आठला. आज आठ वाजून गेले तरी आला नव्हता, म्हणून रिसिव्हर उचलून लाईन चालू आहे का एवढं बघितलं. तेवढ्यात तो लावत असावा, एंगेज लागला म्हणे.

रोज चालता का? म्हटलं, रोज. दम? अजिबात नाही. मग त्याने सांगितलं की आतली खोली रिकामी करतोय, नुसती तयारी म्हणून. मी म्हटलं, कशाला वेळ फुकट घालवतोस? खिडकी कुठल्या बाजूला आहे, ऊन सकाळचं येतं की दुपारचं, पंखा आवाज करतो का, संडास किती लांब, एवढं विचारून घेतलं. नुसती माहिती म्हणून. माहिती असलेली बरी.

सकाळचं ऊन येतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

भाट्याला समुद्रावर गेलो, जैनुद्दीनभाईंबरोबर. जाताना रिक्षाने, कारण व्यायाम वाळूत करायचा असतो आणि तिथवर जाण्यात ताकद घालवायची नसते. मऊ वाळूत एक पाऊल म्हणजे डांबरावरची दोन. त्या हिशेबाने भरपूर चाललो. नंतर सुरूच्या झाडांखाली बसलो, आणि बसलो ते बसलो.

जैनुद्दीनभाई चपलांमधली वाळू झटकत होते. मग म्हणाले, "आप्पा, एक बोलू? तुम्हाला दम बाजारात लागत नाही, इथे लागत नाही. घराकडे जायला लागलात की लागतो. भाभी गेल्यापासूनच."

मी म्हटलं, घर वर आहे म्हणून. साधं गुरुत्वाकर्षण आहे. यात कुणाच्या जाण्या-येण्याचा संबंध नाही.

ते बरं म्हणाले. येताना रिक्षावाल्याला पाखाडीच्या खालीच सोडायला सांगितलं त्यांनी. मी लेस बांधल्या.

४ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळी. आमच्याकडे दुःख, त्यामुळे फराळ करायचा नाही. करायचा नसला की लोक आणून देतात, आणि लोकांनी दिलेला ठेवला तर सादळतो. सकाळपासून चिवड्यावर आहे. चकलीनंतर लगेच व्यायाम करू नये, आणि दोन चकल्यांच्या मधे तेवढी उसंत मिळाली नाही.

सलिल येणार नाही. त्याला रजा डिसेंबरासाठी राखून ठेवायची आहे. बरंच झालं. आला असता तर उगाच पाखाडी चढून दाखवा म्हणाला असता.

पणती लावायची नसते. तरी मैनाने तुळशीपुढे एक लावली. मी बघितलं नाही असं दाखवलं. काही वाटलं नाही. डबे भरून ठेवले आणि झोपलो.

७ नोव्हेंबर, गुरुवार

जैनुद्दीनभाईंचे रोजे सुरू झाले. म्हणाले, आप्पा, आता महिनाभर सकाळी माझी वाट बघू नका, तुम्ही जात जा.

असं कसं? ज्याने हात धरून सुरुवात करून दिली तो पाणीसुद्धा पीत नाही आणि आपण त्याच्या डोळ्यांदेखत तंदुरुस्ती करत फिरायचं? माझ्या संस्कारात बसत नाही. रमजान संपेपर्यंत चालणं तहकूब. शेजारधर्म आधी.

रकाने भरले. बहात्तर, चौऱ्याऐंशी. दोन ठोक्यांची सुधारणा दाखवली आहे. एवढ्या अवधीत तेवढी व्हायला हवी.

१७ नोव्हेंबर, रविवार. रात्री ९

आज सलिल वेगळंच बोलला. म्हणाला, टेस्टचं राहू दे. ऋजुताही म्हणते, नुसतेच या. तुम्ही आलात तर आम्हाला बरं वाटेल.

आता हा काय प्रकार? ऋजुता सून म्हणून चांगलीच आहे, पण दया म्हणून कुणी बोलावलेलं मला चालत नाही. माझा आवाज चढला असावा. म्हटलं, "ठरलं म्हणजे ठरलं. मी पास झालो तर ठाण्याचा विषय पुन्हा कधी काढायचा नाही. तुला आईची शपथ."

मग म्हणाला, बरं आप्पा. शपथ.

सणसणीत सांगितलं ते एक बरं झालं. माणसाने पडखाऊ असू नये. फोननंतर नाडी बघितली. शहाण्णव. मोजण्यात चूक.

१८ नोव्हेंबर, सोमवार

शपथ जरा जास्त झाली का, असा एक विचार आला. तांत्रिकदृष्ट्या. म्हणजे पुढेमागे त्याच्या बाजूने काही अडचण आली तर त्याला बोलता यायला हवं, एवढंच. माझ्या बाजूने प्रश्न नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ७.३०

खरीखुरी नोंद.

दुपारी घरात बसवेना. रेडिओ लावला, बंद केला. पद्मजाचं कपाट उघडलं, लावलं. उगाचच खाली उतरलो, बाजारातून काडेपेटी घेतली. घरात काडेपेट्या आहेत. वर यायला लागलो आणि का कोण जाणे, झपाझप चढलो. लेस-बिस काही नाही. अर्ध्याच्या वर आलो असेन, मग पाय राहिले. बसलो.

छाती भात्यासारखी चालली होती. कानात ठोके. गळ्याशी बोटं लावली तर बोटं उडत होती. एकशे अठरा मोजले, पुढे सोडून दिलं.

घाबरलो नाही. उलट बरं वाटलं. हे कुणाला सांगणार नाही. जूनपासून आत सगळं बंद पडल्यासारखं होतं, आणि आज कळलं की आत काहीतरी चालू आहे, आणि चांगलं दणदणीत चालू आहे. मी हात छातीवर ठेवून तसाच बसलो.

मावळतीची, मगरिबची, बांग झाली. जैनुद्दीनभाई खजूर घेऊन पायऱ्या उतरून आले. त्यांनी रोजा तिथेच माझ्याशेजारी सोडला. एक खजूर मला दिला. डोळ्यांतून पाणी येत होतं माझ्या. दमल्यावर येतं.

हा आकडा तक्त्यात घालणार नाही. एकच रीडिंग वेगळं आलं तर ते धरायचं नसतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार

उद्यापासून रोज असंच चढायचं. आज पोटऱ्या धरल्या आहेत.

२४ नोव्हेंबर, रविवार

पोटऱ्या.

१ डिसेंबर, रविवार

बॅग भरून बघितली. घाबरून नव्हे. पॉवरहाऊसमध्ये आग लागलेली नसताना आगीची ड्रिल करायचो, तसं. लेंगे, सदरे, स्वेटर. ठाण्याला थंडी नसते म्हणे, तरी स्वेटर. पद्मजाचा फोटो भिंतीवरून काढला, तो बॅगेत बसतो का ते बघितलं. बसतो. परत लावला.

मैनाला सहज विचारलं, समजा मी महिना-दोन महिने नसलो तर घराकडे बघशील का? ती म्हणाली, जावा बिनघोर, मी हाय. जरा फारच चटकन म्हणाली.

सलिलला फोनवर ड्रिलबद्दल सांगितलं नाही. त्यानेही ठाण्याचा विषय काढला नाही. शपथ पाळतोय. आत्तापासून पाळायची काय गरज होती? मी पास झाल्यावरची होती ती.

७ डिसेंबर, शनिवार

ईद झाली. जैनुद्दीनभाईंच्या घरून सुरय्याभाभींनी शीरखुर्म्याचं पातेलंच पाठवलं. पाच दिवसांवर टेस्ट, तेव्हा एकच वाटी घ्यायची असं ठरवलं होतं. वाटी लहान होती.

जैनुद्दीनभाई सहाला येतो म्हणाले. म्हटलं, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अभ्यास करणारा पोरगा नापास होतो. आता विश्रांती. मशीन मोठ्या लोडला घ्यायचं तर आधी थंड ठेवतात.

ठेवतात का? नक्की आठवत नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

निर्धार: उद्या पहाटे एकदा पूर्ण पाखाडी, न थांबता. रंगीत तालीम.

११ डिसेंबर, बुधवार

पहाटे धुकं. तालमीशिवाय रंगमंचावर जाणारे नट सर्वांत ताजे वाटतात. नाडी बहात्तर.

सलिल उद्या पहाटेच्या गाडीने येतोय. मैनाकडून घावन करून घ्यायचे आहेत, त्याला आवडतात. मी टेस्ट होईपर्यंत उपाशी.

१२ डिसेंबर, गुरुवार. संध्याकाळी ५

सगळं क्रमाने लिहितो.

नऊ वाजता दवाखाना. छातीवरचे केस जागोजागी भादरले, वायरी चिकटवल्या. डॉक्टर वैदेहींना माझा तक्ता दिला. त्यांनी पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तक्ता हळूच बाजूला ठेवला. अक्षर छान आहे म्हणाल्या.

पट्टा सुरू झाला. सुरुवात सोपी. मी सलिलकडे बघून हसलोसुद्धा. मग पट्ट्याने पुढून तोंड वर केलं. पाखाडीला निदान वरची पायरी दिसते, याला वरचं टोकच नाही. मधे लेस बांधता येत नाही. मशीनवर माझी नाडी लाल अक्षरांत सगळ्यांना दिसत होती. शहाऐंशी कधी आली नि कधी गेली कळलंच नाही. शंभर, एकशे दहा, एकशे वीस. बाजूला उभ्या सिस्टरने अजून दमलात का विचारायला सुरुवातही केली नव्हती. मी म्हटलं थांबवा. डॉक्टर म्हणाल्या अजून जरा. आणखी जरा झाल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटेना. हात केला. थांबवलं.

कॉटवर पडलो. छताकडे बघत होतो. नापास. सरळ सरळ नापास. मला वाटलं, सुटलो. पट्ट्यावरून, असं म्हणायचंय मला.

सलिल जवळ आला तेव्हा मीच मोठेपणाने म्हटलं, "हरलो रे. शब्द म्हणजे शब्द. येतो तुझ्याबरोबर." आणि पडल्या पडल्याच मनात पुढचं ठरवूनही टाकलं. मैनाकडे किल्ली. गॅस बंद. जैनुद्दीनभाईंना टपाल बघायला सांगायचं. सकाळचं ऊन येतं त्या बाजूला डोकं करून झोपायचं नाही, डोळ्यावर येईल. स्वेटर काढून ठेवावा का? एवढ्या दिवसांत इतकं भराभर काही सुचलं नव्हतं.

डॉक्टर कागदाची लांब पट्टी घेऊन आल्या. म्हणाल्या, "आप्पा, तुमचं हृदय उत्तम आहे."

मी म्हटलं, पण मी तर चाललोच नाही.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. व्यायामाची सवय असली की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, म्हणून नाडी सावकाश चढते. सवय नसली की थोड्याशा चालीलाही ती उडी मारते. तुमची उडाली, कारण तुम्ही दोन महिन्यांत काही केलेलं नाही. पण मला ती जेवढी वर न्यायची होती तेवढी गेली, आणि तिथेही ग्राफ स्वच्छ आहे. कुठे अडथळा नाही. दम लागतो तो बसून राहिल्याने. खुशाल एकटे राहा. चाला मात्र.

म्हणजे मी चाललो असतो तर पट्ट्यावर टिकलो असतो, आणि चाललो नाही तरीही पास. दोन्हीकडून पासच होतो. हे आधी कुणी सांगायला नको?

मी म्हटलं, मला दम फार लागतो हो. त्या म्हणाल्या, लागेल, मग कमी होईल. म्हटलं, ठाण्याला मोठी मशीनं असतात, तिथे राहून एकदा नीट बघून घ्यावं का? त्या म्हणाल्या, काही गरज नाही. पुढची टेस्ट एका वर्षाने.

सलिल बाहेर रिक्षात माझ्याशेजारी बसला आणि रडायला लागला. एवढा मोठा माणूस, चष्मा काढून, रुमाल शोधत. म्हणाला, "मला वाटलं होतं आईसारखंच होणार. तुम्ही जिंकलात आप्पा. मी खूप खूश आहे." तो खरंच खूश होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला काही वाटलं नाही. रिक्षा मारुती मंदिराला वळेपर्यंत काही वाटलं नाही, नंतरचं लिहीत नाही.

घरी येऊन त्याने घावन खाल्ले. दुपारची गाडी होती. मी स्टेशनवर गेलो, घरी बसून काय करायचं. तिथे तो म्हणाला, दोन मिनिटं थांबा, आणि खिडकीशी गेला. रांगेत पुढे सरकत होता. मी जवळ जाऊन बघितलं तर त्याने परतीची दोन तिकिटं काढून ठेवली होती. एक रद्द केलं. खालचा बर्थ होता.

गाडी लागेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. त्याने दोनदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "शपथ घातलीत म्हणून काही म्हणत नाही."

मी म्हटलं, "नको म्हणूस."

बरोबरच आहे. मीच घातली होती. गाडी वेळेवर आली. नेमकी आज वेळेवर.

१३ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ९.४०

जैनुद्दीनभाई सहाला आले होते. पास झालो म्हणून मिठी मारली. मग विचारलं, सलिल एकटाच गेला? हो म्हटलं. ते फाटक धरून उभे राहिले. चलायचं का म्हणाले. नको म्हटलं.

ठाण्याला फोन केला, सलिल पोचला का विचारायला. आज रविवार नाही, पण पोचला का हे विचारायला रविवार कशाला लागतो? तो कामावर गेला होता. ऋजुताने घेतला. अभिनंदन म्हणाली. मग म्हणाली, आप्पा, तुमच्यासाठी आतल्या खोलीत कॉट आणली होती, नवीन. दुकानदार परत घेतो म्हणतोय, आजच्या आज सांगायला हवं. काय करू?

तिने विचारलं होतं. तिच्यावर शपथ नव्हती. छातीत पाखाडीसारखं वाजत होतं, आणि मी खुर्चीत बसलेलो.

म्हटलं, देऊन टाक.

ती बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर परत लावला, एंगेज. दुकानात लावला असेल. नंतर लावला नाही.

बसून विचार केला आणि निर्णय घेतला. सलिल आयुष्यभर शपथेत अडकून राहणार, हे बापाला बघवत नाही. त्याची सुटका करणं माझं कर्तव्य आहे. मी जिंकलेला आहे तोवर तो तोंड उघडणार नाही, म्हणजे मला हरायला हवं. माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी. पुढची टेस्ट डिसेंबर २००३. तोवर चालणं बंद. पाखाडी बंद, बाजार मैनाने करावा. जेवणात तूप. ग्राफ एकदा तरी वाकडा यायला हवा.

वर्ष आहे हातात. नीट मेहनत घेतली तर नापास होता येईल.